राज्य गेले, भाषा राहिली : सोव्हिएत संघानंतरची रशियन



मराठी शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत रशियन भाषेचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आम्हांला व्याकरण शिकवीत. शिकवता शिकवता ते सांगत, की भाषेच्या प्रश्नाचा विचार करायचा असेल तर आधी दुसऱ्याच्या भाषेचा करावा. स्वतःच्या भाषेविषयी बोलताना माणूस फार लवकर हळवा होतो. त्यांच्या त्या सांगण्याला स्मरून मी आपल्यापासून दूरचा, परंतु आपल्याला पुष्कळ काही शिकवू शकेल असा विषय आज मांडणार आहे.

२५ डिसेंबर १९९१ रोजी मिखाईल गोर्बाचोव्ह यांनी सोव्हिएत संघाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि क्रेमलिनवरचा लाल ध्वज उतरला. पंधरा प्रजासत्ताकांची पंधरा स्वतंत्र राष्ट्रे झाली. १९८९ च्या जनगणनेनुसार त्या महाराज्याची लोकसंख्या सुमारे २८ कोटी ६७ लाख होती आणि तीत रशियन लोक निम्म्याहून किंचित अधिक होते. यांपैकी सुमारे अडीच कोटी रशियन लोक रशियाबाहेरच्या चौदा प्रजासत्ताकांत राहत होते. आदल्या दिवशी ते रिगात, ताश्कंदात, खारकीव्हमध्ये होते. दुसऱ्या दिवशीही तेथेच होते. माणसे जागची हलली नाहीत, सीमा मात्र हलली. त्यांच्याखेरीज घरात रशियनच बोलणारे लक्षावधी युक्रेनी, ज्यू, जर्मन व कोरियन वंशाचे लोकही या देशांत होते.

अशा वेळी नव्या राष्ट्रांपुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहिले. जुन्या राज्यात ज्या भाषा मागे पडल्या होत्या त्यांना न्याय कसा द्यायचा? आणि कालपर्यंत जिच्या पाठीशी राज्य उभे होते, त्या भाषेच्या सामान्य माणसाशी कसे वागायचे? या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच कायद्यात बसवणे किती अवघड असते, हाच माझ्या आजच्या विवेचनाचा गाभा आहे.

रशियन भाषेची दोन रूपे

झारच्या राजवटीत रशियनचे रूप सरळसरळ हुकमतीचे होते. १८६३ च्या वालुयेव्ह परिपत्रकाने व १८७६ च्या एम्स येथील फर्मानाने युक्रेनी भाषेतील ग्रंथप्रकाशनावर कडक बंधने घातली. त्यामुळे क्रांतीपूर्वी लेनिन यांनी सक्तीच्या राजभाषेस उघड विरोध केला होता. १९१४ मध्ये त्यांनी त्या विषयावर स्वतंत्र लेखही लिहिला. क्रांतीनंतर १९२३ पासून 'मुळे रुजवण्याचे' धोरण स्वीकारण्यात आले. स्थानिक भाषांतून शाळा, वृत्तपत्रे व कारभार सुरू झाला, आणि ज्या बोलींना लिपीच नव्हती त्यांच्यासाठी लिपी घडवण्यात आल्या. जगाच्या इतिहासात एवढ्या भाषांना एवढ्या थोड्या काळात लेखनाचे साधन क्वचितच मिळाले असेल, हे मान्य केलेच पाहिजे.

पण हा उदार काळ फार टिकला नाही. १९३८ च्या मार्चमध्ये सर्व बिगर-रशियन शाळांत रशियन हा विषय सक्तीचा झाला. मध्य आशियातील भाषांची अरबी वळणाची लिपी विसाव्या दशकाच्या अखेरीस बदलून रोमन करण्यात आली होती; ती पुन्हा १९४० च्या सुमारास बदलून रशियनची सिरिलिक लिपी आणण्यात आली. पुढे १९५८-५९ च्या शिक्षणसुधारणेने मुलांचे शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांना दिला. वरवर पाहता हे स्वातंत्र्यच होते. परंतु विद्यापीठाचा प्रवेश, कारखान्यातील बढती, सैन्यातील हुद्दा या सर्वांची वाट रशियनमधून जात होती. साहजिकच शहरांतील पालकांनी रशियन माध्यम निवडले. कझाकस्तानच्या राजधानीत, अल्माटीत, कझाक माध्यमाच्या शाळा अगदी मोजक्या उरल्या. मुलांच्या भवितव्याची काळजी असलेल्या आईबापांच्या हातूनच एकेक भाषा शाळेबाहेर पडत गेली. हा अनुभव आपणांस अगदीच अपरिचित आहे, असे मला वाटत नाही.

रशियनचे हे एक रूप झाले. दुसरे रूपही तितकेच खरे होते. युद्धानंतर लाटव्हियातील कारखान्यांत कामाला आलेला मजूर, १९५४ पासून कझाकस्तानच्या पडीक जमिनी नांगरायला पाठवलेला तरुण, खाणीत उतरणारा, शाळेत शिकवणारा, या साऱ्यांची ती मातृभाषा होती. यांपैकी कोणीही साम्राज्य उभारायला निघाला नव्हता; सरकारने जेथे घर आणि काम दिले तेथे तो गेला. शिवाय ताजिक डॉक्टर आणि आर्मेनियन अभियंता यांना जगातील ज्ञान रशियनमधूनच मिळत होते. किर्गिझ लेखक चिंगीझ ऐत्मातोव्ह यांनी आरंभी किर्गिझमध्ये आणि पुढे मुख्यतः रशियनमध्ये लिहिले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबरीत 'मानकुर्त' नावाच्या दासाची दंतकथा येते. छळ करून त्याची स्मृती पुसून टाकलेली असते. त्याला स्वतःची आईही ओळखू येत नाही. आपली भाषा विसरलेल्या माणसासाठी 'मानकुर्त' हा शब्द पुढे त्या सर्व देशांत रूढ झाला. भाषा हरवण्याचे दुःख सांगणारा तो शब्द रशियनमध्ये लिहिलेल्या कादंबरीतूनच घरोघर पोचला, यात त्या काळाची सारी गुंतागुंत दिसते.

जनगणनेतील दोन आकडे या संदर्भात बोलके आहेत. १९८९ मध्ये सुमारे ६० टक्के कझाकांनी रशियन येत असल्याचे नोंदवले. त्याच देशातील रशियनांपैकी कझाक येणारे शंभरांत एकही नव्हते. शेजारधर्माची ही वाट एकाच दिशेने वाहत होती, आणि खरी तक्रार तीच होती.

१९८९ : कायद्यांचे वर्ष

या तक्रारीला प्रथम रस्त्यावर वाचा फुटली ती जॉर्जियात. १९७८ मध्ये नव्या संविधानाच्या मसुद्यातून जॉर्जियन भाषेचे राज्यभाषा म्हणून असलेले स्थान वगळण्याचा विचार झाला, तेव्हा १४ एप्रिल रोजी तिब्लिसीत हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि सत्ताधाऱ्यांना तो विचार सोडून द्यावा लागला. सोव्हिएत राजवटीत ही गोष्ट असाधारणच होती.

गोर्बाचोव्ह यांच्या काळात हा बांध पूर्णपणे फुटला. १९८९ च्या जानेवारीत एस्टोनियाने व लिथुआनियाने, मे महिन्यात लाटव्हियाने, जुलैत ताजिकिस्तानने, ३१ ऑगस्टला मोल्दोव्हाने, सप्टेंबरात कझाकस्तान व किर्गिझस्तान यांनी, ऑक्टोबरात उझबेकिस्तान व युक्रेन यांनी, आणि १९९० मध्ये बेलारूस व तुर्कमेनिस्तान यांनी आपापल्या भाषेला राज्यभाषेचे स्थान दिले. स्वातंत्र्य मागणे अजून धोक्याचे होते. भाषा मागणे शक्य होते. म्हणून स्वातंत्र्याची पहिली मागणी भाषेच्या रूपाने झाली. याला उत्तर म्हणून २४ एप्रिल १९९० रोजी संघाच्या संसदेने रशियनला सबंध संघाची अधिकृत भाषा म्हणून प्रथमच कायद्याने मान्यता दिली. तोवर अशा कायद्याची गरजच पडली नव्हती. जिची सत्ता निर्विवाद असते तिला कायद्याचा आधार लागत नाही.

या कायद्यांतील तीन संज्ञा नीट ध्यानात घेतल्या पाहिजेत, कारण पुढील सारे वाद त्यांच्याभोवती फिरतात. पहिली 'राज्यभाषा' : कारभार, न्याय, सैन्य व शिक्षण यांची मुख्य भाषा, आणि राष्ट्राच्या अस्तित्वाची खूण. दुसरी 'अधिकृत भाषा' : कारभारात वापरण्याची मुभा असलेली, परंतु राष्ट्रचिन्हाचा मान नसलेली. तिसरी 'विविध लोकसमूहांमधील संपर्काची भाषा' : मान आहे, पण हक्क फारसे नाहीत, अशी सौजन्याची पदवी. पंधरा देशांतील रशियनची कहाणी म्हणजे या तीन पायऱ्यांवरून तिचे खाली उतरणे आणि क्वचित पुन्हा वर चढणे होय.

बाल्टिक देश : अस्तित्वाची भीती

एस्टोनिया व लाटव्हिया यांचे कायदे सर्वांत कडक ठरले. त्यामागची भीती समजून घेतल्याशिवाय त्यांविषयी मत बनवणे योग्य होणार नाही. १९३४ मध्ये एस्टोनियात एस्टोनियन लोक सुमारे ८८ टक्के होते. १९८९ मध्ये ते ६१.५ टक्क्यांवर आले. लाटव्हियात लाटव्हियन तीन चतुर्थांश होते ते ५२ टक्के उरले. १९४० मध्ये हे देश बळाने संघात सामील केले गेले होते, आणि तेथून हजारो माणसे सायबेरियात नेण्यात आली होती. दहा-पंधरा लाख लोकांची भाषा आणखी एका पिढीत नाहीशी होईल, ही भीती काल्पनिक नव्हती.

म्हणून या दोन देशांनी नागरिकत्व फक्त १९४० पूर्वीच्या नागरिकांना व त्यांच्या वंशजांना आपोआप दिले. इतरांसाठी भाषेची परीक्षा ठेवली. परिणामी १९९२ मध्ये एस्टोनियातील जवळजवळ एक तृतीयांश लोक कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते. लाटव्हियात १९९०-नंतरच्या मध्यावर असे सुमारे सात लाख लोक होते. त्यांना 'बिगर-नागरिक' असे छापलेली पारपत्रे मिळाली. संसदेसाठी त्यांना मत देता येत नसे. एस्टोनियाने निदान स्थानिक निवडणुकीत मत दिले, लाटव्हियाने तेही दिले नाही. लाटव्हियन व्याकरणानुसार पुरुषी नामाला विभक्तिप्रत्यय लागतोच. त्यामुळे 'इवानोव्ह' या आडनावाचे सरकारी कागदावर 'इवानोव्स' झाले. व्याकरणाच्या दृष्टीने ही साधी गोष्ट आहे. परंतु साठीच्या माणसाला आपलेच आडनाव निराळ्या रूपात वाचावे लागले, तर त्याला काय वाटत असेल याची कल्पना आपण करू शकतो.

लिथुआनियाने निराळा मार्ग धरला. तेथे लिथुआनियन लोक सुमारे ८० टक्के होते, रशियन दहा टक्क्यांहून कमी. त्या देशाने भूमीवर राहणाऱ्या सर्वांना नागरिकत्व घेण्याची संधी दिली. राज्यभाषा एकच ठेवली, पण भाषेची परीक्षा नागरिकत्वाच्या दारात उभी केली नाही. तेथे हा प्रश्न इतर दोन देशांइतका कधीच चिघळला नाही. आत्मविश्वास असलेल्या बहुसंख्याकांना उदार होणे सोपे जाते, हेही अर्थात खरे.

एस्टोनिया-लाटव्हियात रक्तपात झाला नाही, ही लहान गोष्ट नव्हे. युरोपीय सुरक्षा परिषदेने राष्ट्रीय अल्पसंख्याकांसाठी नेमलेले उच्चायुक्त, हॉलंडचे माजी परराष्ट्रमंत्री माक्स फान डेर स्टूल यांनी वर्षानुवर्षे दोन्ही सरकारांना पत्रे लिहून परीक्षा सोपी करण्याचे व मुलांना नागरिकत्व देण्याचे सल्ले दिले. १९९८ मध्ये लाटव्हियन मतदारांनी सार्वमताने अटी सैल करण्यास मान्यता दिली. नवी पिढी राज्यभाषा शिकून मोठी झाली. तरीही मनातली तेढ संपली नाही. १८ फेब्रुवारी २०१२ च्या सार्वमतात रशियनला दुसरी राज्यभाषा करण्याचा प्रस्ताव सुमारे तीन चतुर्थांश लाटव्हियन मतदारांनी फेटाळला. युक्रेनवरील आक्रमणानंतर शाळांचाही निर्णय झाला : लाटव्हियाने २०२३ ते २०२५ या तीन वर्षांत सर्व शिक्षण लाटव्हियनमध्ये आणण्याचा क्रम आखला, आणि एस्टोनियाने २०२४ पासून बालवाड्या, पहिली व चौथी यांपासून आरंभ केला. रशियन माध्यमाची शाळा, जी या लोकांची शेवटची सार्वजनिक जागा होती, ती अशा रीतीने मिटत गेली.

मध्य आशिया : लिपी आणि पोट

मध्य आशियात चित्र निराळे होते. कझाकस्तानात १९८९ मध्ये कझाक सुमारे ४० टक्के आणि रशियन ३८ टक्के होते. १९३० च्या सुमारास सक्तीच्या सामुदायिक शेतीतून उद्भवलेल्या भीषण दुष्काळात आणि नंतरच्या वसाहतीकरणात कझाक आपल्याच देशात अल्पसंख्य झाले होते. स्वतंत्र झाल्यावर तेथील राज्यकर्त्यांनी सावध पावले टाकली. १९९५ च्या संविधानाने कझाकला राज्यभाषा म्हटले आणि शासकीय संस्थांत रशियनही कझाकच्या बरोबरीने अधिकृतपणे वापरण्याची तरतूद केली. तरीही रशियन लोक मोठ्या संख्येने निघून गेले : १९८९ मध्ये ते ६२ लाख होते, १९९९ मध्ये ४५ लाख उरले. २०२१ च्या जनगणनेत कझाक ७० टक्के आणि रशियन सुमारे १५ टक्के भरले. कायद्याने जे साधले नाही ते लोकसंख्येच्या पालटाने होत गेले. किर्गिझस्तानने तर डॉक्टर, अभियंते, शिक्षक निघून जाऊ नयेत म्हणून २००० मध्ये रशियनला मुद्दाम अधिकृत भाषेचा दर्जा दिला.

लिपीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. अझरबैजानने १९९१ च्या डिसेंबरात रोमन लिपी स्वीकारली आणि २००१ मध्ये तो बदल पूर्ण केला. एकाच शतकात त्या देशाने अरबी, रोमन, सिरिलिक आणि पुन्हा रोमन अशा चार पायऱ्या पाहिल्या. उझबेकिस्तानने १९९३ मध्ये रोमन लिपीचा कायदा केला, १९९५ मध्ये वर्णमालाच बदलली, आणि पुढे मुदतीवर मुदत वाढत गेली. मुले नव्या लिपीत शिकली, वडील जुनीच वाचत राहिले, दुकानांच्या पाट्या दोन्हींत लागल्या. तुर्कमेनिस्तानच्या पहिल्या रोमन वर्णमालेत तर डॉलर, पौंड व येन या चलनांची चिन्हे अक्षरे म्हणून घातली होती. ती लवकरच काढावी लागली. कझाकस्तानने २०१७ मध्ये जी वर्णमाला जाहीर केली तिच्यात अनेक अक्षरांच्या डोक्यावर अपॉस्ट्रॉफी होती. लोकांनी तिची इतकी थट्टा केली की काही महिन्यांतच, २०१८ च्या फेब्रुवारीत, ती बदलण्यात आली.

येथे क्षणभर आपल्या घरात डोकावू या. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर पणजोबांच्या काळची मोडीतली कागदपत्रे आहेत. त्यांतील भाषा आपलीच, पण आपल्याला ती वाचता येत नाही. समरकंदमधल्या मुलापुढे आजोबांचे सिरिलिक पत्र आणि खापरपणजोबांचे अरबी वळणाचे दस्त अशा दोन बंद पेट्या असतात. लिपी बदलणे म्हणजे केवळ टंकलेखन यंत्र बदलणे नव्हे. ग्रंथालय कुलूपबंद करणे होय. हे लक्षात घेतले म्हणजे उझबेकांच्या दिरंगाईकडे आपण थोड्या सहानुभूतीने पाहू.

आणि शेवटी पोटाचा प्रश्न येतो. ताजिकिस्तान, उझबेकिस्तान व किर्गिझस्तान येथील लक्षावधी तरुण मजुरीसाठी रशियात जाऊ लागले. १ जानेवारी २०१५ पासून रशियाने त्यांच्याकडून रशियन भाषेची, इतिहासाची व कायद्याची परीक्षा मागितली. ज्या खेड्यांतून रशियन शिक्षक केव्हाच निघून गेले होते, त्या खेड्यांतील बाप मुलाला पुन्हा रशियन शिकवा म्हणू लागला. संविधान काय म्हणते यापेक्षा रोजगार काय म्हणतो, याकडे माणसांचे कान अधिक असतात.

बेलारूस आणि मोल्दोव्हा : दोन टोके

बेलारूस हे याचे दुसरे टोक. १९९० मध्ये तेथे बेलारूसी ही एकमेव राज्यभाषा झाली. मे १९९५ मध्ये लुकाशेन्को यांनी सार्वमत घेतले आणि सुमारे ८३ टक्के मते रशियनला समान दर्जा देण्याच्या बाजूने पडली. कागदावर दोन भाषा समान झाल्या. पण एक भाषा आधीच शहर, विद्यापीठ व सैन्य व्यापून बसलेली असली, तर समानतेचा लाभ तिलाच होतो. घरी बेलारूसी बोलणारे १९९९ मध्ये सुमारे ३७ टक्के होते. २००९ मध्ये ते २३ टक्क्यांवर आले. आपल्याच देशात, आपल्याच सरकारच्या काळात, राज्यभाषेची पाटी गळ्यात असताना एखादी भाषा कशी मागे पडते, याचे हे उदाहरण होय. तथापि याच देशाच्या स्व्हेतलाना अलेक्सिएव्हिच यांना २०१५ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले ते रशियनमधील लेखनासाठी, आणि त्यांच्याइतके निर्भीड लेखन त्या राजवटीविरुद्ध फार थोड्यांनी केले. भाषा कोणाच्या बाजूची असते, हे भाषेवरून ठरत नाही.

मोल्दोव्हात भाषेचा कायदा युद्धापर्यंत गेला. ३१ ऑगस्ट १९८९ च्या कायद्याने भाषेला राज्यभाषा केले आणि सिरिलिक सोडून रोमन लिपी आणली. नीस्तर नदीपलीकडच्या औद्योगिक शहरांतील रशियन व युक्रेनी भाषकांनी त्याविरुद्ध संप केले. १९९२ मध्ये तेथे लढाई झाली आणि तो पट्टा वेगळा पडला. तेथे मोल्दोव्हनला सिरिलिक लिपीतच ठेवण्यात आले. रोमन लिपीत शिकवू पाहणाऱ्या शाळांना २००४ मध्ये बळाने बंद करण्यात आले. अखेर मुलांचे पालक युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. उलट त्याच मोल्दोव्हाने १९९४ मध्ये गागाऊझ या तुर्की भाषक लहान समाजाला स्वायत्तता दिली आणि तेथे गागाऊझ, मोल्दोव्हन व रशियन या तिन्ही भाषांना अधिकृत मानले. तेथे मात्र बंदूक उठली नाही. एकाच देशात एकाच प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी शेजारी पाहायला मिळतात, ती अशी.

युक्रेन : भाषेच्या नावाने

युक्रेनविषयी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्यास होकार दिला. डोनेत्स्क व लुहान्स्क या रशियनभाषक प्रांतांतही तो होकार ऐंशी टक्क्यांहून अधिक होता. म्हणजे घरी रशियन बोलणाऱ्या माणसाला युक्रेनचा नागरिक होण्यात काही अडचण वाटत नव्हती. १९९६ च्या संविधानाच्या दहाव्या कलमाने युक्रेनीला एकमेव राज्यभाषा केले आणि त्याच कलमात रशियन व इतर अल्पसंख्य भाषांच्या मुक्त विकासाची हमीही दिली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ३० टक्के लोकांनी रशियन ही मातृभाषा सांगितली. शहरांत प्रत्यक्ष वापर त्याहून पुष्कळ अधिक होता. बसमध्ये एकाने युक्रेनीत विचारावे, दुसऱ्याने रशियनमध्ये उत्तर द्यावे, आणि कोणाला त्यात वावगे वाटू नये, असा तो समाज होता.

राजकारण्यांना मात्र निवडणुकीसाठी भाषा सोयीची वाटली. २०१२ मध्ये दहा टक्के भाषक असतील तेथे प्रादेशिक दर्जा देणारा कायदा घाईने संमत झाला. २३ फेब्रुवारी २०१४ रोजी, सत्तांतर होताच, संसदेने तो रद्द करण्याचा ठराव तितक्याच घाईने केला. हंगामी अध्यक्षांनी त्यावर सही केली नाही, तो अमलात आलाच नाही. परंतु रशियन भाषकांवर संकट आले आहे असे सांगायला मॉस्कोला निमित्त मिळाले. मार्चमध्ये क्रायमिया गेला, पूर्वेकडे युद्ध पेटले. २०१९ च्या कायद्याने युक्रेनीचा वापर सर्व सार्वजनिक व्यवहारांत आवश्यक केला. त्यातील काही तरतुदी अल्पसंख्याकांना अन्यायकारक आहेत, असा अभिप्राय युरोपातील व्हेनिस आयोगाने दिला. आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने सर्व बाजूंनी आक्रमण केले.

या युद्धात सर्वांत अधिक पोळली ती मारिउपोल आणि खारकीव्ह यांसारखी शहरे, जेथे घरोघर रशियनच बोलली जात होती. रशियन भाषकांच्या रक्षणाच्या नावाने रशियन भाषकांचीच घरे पडली. त्याचा परिणाम कोणत्याही कायद्याहून खोल झाला. असंख्य माणसांनी स्वतःहून बालपणापासूनची भाषा बोलणे सोडले. डोनेत्स्कचे कादंबरीकार व्होलोदिमीर राफेयेन्को रशियनमध्ये लिहीत होते. घर सोडावे लागल्यावर ते युक्रेनीत लिहू लागले आणि २०२२ नंतर त्यांनी रशियन लेखन सोडूनच दिले. कीव्हचे आंद्रेई कुरकोव्ह निष्ठावान युक्रेनी नागरिक आहेत, पण त्यांनी आपल्या कादंबऱ्यांची रशियन भाषा सोडली नाही. दोघांचेही दुःख खरे आहे, आणि दोघांपैकी कोणाला चूक ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आपल्यासाठी काय

मित्रहो, या साऱ्या प्रवासातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. राज्यकर्त्याची भाषा आणि माणसाची मातृभाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी दोन्हींचे शब्द तेच असले तरी. पहिलीला पदावरून उतरवण्याचा हक्क नव्या राष्ट्राला निःसंशय आहे. तसे केले नाही तर बेलारूससारखी स्वतःची भाषा हातची जाते. दुसरीला शाळेतून, नावातून, नागरिकत्वाच्या दारातून हाकलण्याचा हक्क कोणालाही नाही. आणि शेजारच्या देशाला तर भाषाबांधवांचे कैवारी म्हणून सैन्य धाडण्याचा हक्क मुळीच नाही. कारण त्या भाषेचा त्याहून मोठा घात दुसऱ्या कोणी करू शकत नाही. जेथे राज्यभाषा शिकण्याची अपेक्षा ठामपणे, परंतु पुरेसा वेळ आणि सन्मान देऊन ठेवली गेली, तेथे पुढची पिढी दोन्ही भाषा घेऊन मोठी झाली. घाई आणि सूड जेथे शिरले, तेथे भाषेचे भांडण भाषेपुरते राहिले नाही.

आपण इंदूरकर मराठी माणसे हे इतरांपेक्षा लवकर समजू शकतो. आपले पूर्वज येथे होळकरांच्या राज्याबरोबर आले. दरबारच्या दप्तरांत मोडी मराठी होती. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. राज्य गेले, मराठी राहिली. ती आता कोणाच्याही हुकमाची भाषा नाही. ती घराची, भजनाची, नाटकाची आणि या शाळेची भाषा आहे. येथील हिंदीभाषक समाजाने आपल्या मराठीकडे साम्राज्याची खूण म्हणून पाहिले नाही, आणि आपणही हिंदी शिकताना कमीपणा मानला नाही. या परस्पर सौजन्यामुळेच आपली मुले दोन भाषा सहज बोलतात. भारतीय संविधानात १९५६ मध्ये घातलेले ३५०-अ हे कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून राज्यांना जबाबदारी देते. पण कलमापुरतेच भागत नाही. शाळेच्या वर्गात मुले बसली पाहिजेत, आणि ती आपण पाठवायची असतात. अल्माटीतील शाळा कशा ओस पडल्या हे आपण मघाशी पाहिलेच आहे.

गुरुजी वर्गात नवीन मुलगा आला की त्याला आधी विचारीत, "घरी काय बोलता?" उत्तर माळवी असो, हिंदी असो की उर्दू, ते म्हणत, "मग ती विसरू नकोस, आणि ही शीक." भाषाधोरणावर मी पुष्कळ वाचले, याहून नेमके वाक्य मला अजून सापडलेले नाही. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी थांबतो.